काखेतील ग्रंथी : अंदाज आणि शस्त्रक्रिया

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरातील मंडळींचे सारे लक्ष स्तनातील गाठीवर खिळते. शल्यविशारदाला मात्र आणखी एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. रोग काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत, ज्यांना डॉक्टर लिम्फ नोड म्हणतात, पोहोचला आहे काय? पुढील औषधोपचार बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरतो आणि त्या भगिनीच्या हाताचे भवितव्यही. काखेतील बहुतेक ग्रंथी काढल्यास साधारण पाचांपैकी एका स्त्रीच्या हाताला पुढे सूज येते. भाकरी थापणे, कळशी उचलणे, बांगडी चढवणे ही नित्याची कामे मग कठीण होऊन बसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्रच काढण्याची पद्धत रूढ केली. रोग पायरीपायरीने पसरतो, तेव्हा पुढची पायरी आधीच उखडावी, असा तो विचार होता. त्याची खरी परीक्षा १९७१ मध्ये सुरू झालेल्या, डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत झाली. तीत चाचपणीत काखेत काही न लागलेल्या १०७९ स्त्रिया होत्या. ज्यांच्या ग्रंथी काढल्या, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत रोग निघाला. म्हणजे बोटांचा अंदाज दहापैकी चार वेळा चुकला होता. ज्यांच्या काखेवर सुरुवातीला कोणताच उपचार केला नाही, त्यांच्यातही रोग तेवढाच दडलेला असणार. तरी त्यांच्यापैकी पाचांत एकीपेक्षा कमी स्त्रियांच्या काखेत तो पुढे प्रकट झाला, आणि पंचवीस वर्षांनंतरही दोन्हींच्या आयुर्मानात लक्षणीय अंतर पडले नाही.

१९९० च्या दशकात ‘सेंटिनेल नोड’, म्हणजे पहारेकरी ग्रंथी, ही कल्पना स्तनाच्या कर्करोगात आली. स्तनात निळे रंगद्रव्य किंवा किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ते ज्या एक-दोन ग्रंथींत प्रथम पोहोचते, तेवढ्याच काढून तपासतात. त्या निरोगी असल्या तर बाकीच्यांना सहसा हात लावत नाहीत. (निळ्या रंगामुळे एक-दोन दिवस लघवी हिरवट होते, नातेवाईकांनी घाबरू नये.) हात सुजण्याचे प्रमाण यामुळे साधारण वीसात एकीपर्यंत खाली आले.

शस्त्रक्रियेआधीच अंदाज बांधता येईल का, याचाही प्रयत्न झाला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने त्यासाठी गणिती कोष्टक तयार केले. वय, गाठीचा आकार, प्रकार व जागा, गाठ एक की अनेक, पेशींची प्रत, सूक्ष्म वाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत काय, संप्रेरकांना त्या प्रतिसाद देतात काय, इतक्या बाबी भरल्या की शक्यता टक्क्यांत मिळते. कर्ज देताना आम्ही बँकवाले कर्जदाराची पत अशीच अनेक बाबींवरून जोखत असू. पण पत उत्तम असलेले खातेही कधी थकते आणि डळमळीत वाटलेले नियमित फिटते. म्हणून ‘वीस टक्के’ हा आकडा ऐकून घरच्यांनी निःशंक होणे किंवा खचून जाणे, दोन्ही मला अयोग्य वाटते. ‘स्यात्’ या पदाचे संस्कार झालेल्या आपल्या समाजाला हे समजणे जड जाऊ नये. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये स्याद्वाद आणि संभाव्यताशास्त्र यांच्या नात्यावर लिहिले होतेच.

अलीकडे याहून पुढचे पाऊल पडले आहे. इटलीतील मिलान येथून चालवलेल्या ‘साऊंड’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ, अशा १४०५ स्त्रियांचे दोन गट होते. एकीकडे पहारेकरी ग्रंथी काढल्या, दुसरीकडे काखेला हातच लावला नाही. पहिल्या गटातील १३.७ टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत रोग सापडला. पाच वर्षांनी दूरच्या अवयवांत रोग न पसरलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९७.७ आणि दुसऱ्यात ९८.० टक्के होते. मात्र यातील बहुसंख्य स्त्रिया रजोनिवृत्तीनंतरच्या व संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठीच्या होत्या. तरुण मुलीला किंवा आक्रमक प्रकारच्या गाठीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय आपल्याकडे संकोचापायी गाठ लपवली जाते आणि दवाखान्यात येईतो ती दोन सेंटिमीटरची मर्यादा ओलांडून गेलेली असते.

तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : काखेची सोनोग्राफी झाली आहे काय? संशयास्पद ग्रंथीतून सुईने नमुना घेतला काय? पहारेकरी ग्रंथी शोधण्याची सोय या रुग्णालयात आहे काय? रंगद्रव्य वा यंत्र नसेल तेथे काखेच्या खालच्या भागातील मोजक्याच ग्रंथी काढण्याची पद्धत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अभ्यासली आहे. तिच्याविषयीही विचारता येते.

शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात एक अपूर्णांक असतो. ०/३ म्हणजे तीन ग्रंथी तपासल्या, एकीतही रोग नाही. २/१४ म्हणजे चौदांपैकी दोहोंत आहे. अंश आणि छेद दोन्ही वाचावेत, आणि तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावावा. पुढील प्रत्येक डॉक्टर प्रथम तोच मागतो.