मोर्चा शांततेचा की दंगलीचा?

रस्त्यावर निघालेला मोर्चा संध्याकाळी पांगतो. परंतु त्याविषयीचा वाद दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राबरोबर आपल्या दारात येऊन उभा राहतो. एका पक्षाचे पुढारी सांगतात की, मोर्चा सर्वस्वी शांततेचा होता आणि पोलिसांनी निष्कारण बळ वापरले. दुसऱ्या पक्षाचे पुढारी तितक्याच ठामपणे सांगतात की, तो मोर्चा नव्हताच, ती दंगल होती. नवल असे की, या दोघांपैकी एकही बहुधा त्या ठिकाणी हजर नसतो. मोर्चा कोणी काढला आणि कोणाविरुद्ध काढला एवढे कळले, की निकाल तयार असतो. पुढे सत्ता पालटली म्हणजे दोघांची भाषाही पालटते. काल ज्याला लोकांचा उद्रेक म्हटले, त्यालाच आज गुंडगिरी म्हटले जाते.

वाचकहो, हा दोष केवळ पुढाऱ्यांचा नाही. घरात जेवायला बसल्यावर किंवा बाजारात चहा घेताना आपणही असाच निवाडा करून मोकळे होतो. म्हणून या प्रश्नाचा जरा सावकाश विचार करणे योग्य होईल. आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यानेच हा प्रश्न फार मोठी किंमत देऊन विचारलेला आहे.

इंद्रवेल्लीचा सोमवार

२० एप्रिल १९८१ हा सोमवारचा दिवस होता, आणि सोमवार हा इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा वार. गिरिजन रयतू कुली संघाने त्याच दिवशी तेथे आदिवासींची सभा बोलावली होती. मागण्या जमिनीच्या होत्या. कसत असलेल्या जमिनीचे पट्टे मिळावेत, बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, वनखात्याचा व सावकाराचा जाच थांबावा, असे त्यांचे स्वरूप होते. या मागण्या हवेतून आलेल्या नव्हत्या. अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीतरांच्या हाती जाऊ नये म्हणून आंध्र प्रदेशात १९५९ चा कायदा होता व १९७० साली तो अधिक कडक करण्यात आला होता. तरीही तेलुगू मुलखातून आणि पैनगंगेपलीकडून, म्हणजे आपल्या मराठी मुलखातूनही, शेतकरी व व्यापारी येतच राहिले आणि गोंड व कोलाम मागे डोंगराकडे सरकत गेले. आपल्यातील कित्येकांचे वाडवडील याच प्रवाहाबरोबर येथे आले, ही गोष्ट हा विषय वाचताना नजरेआड करता येणार नाही.

सभेला बंदी घालण्यात आली आणि जमावबंदीचा हुकूम जारी झाला. परंतु बाजार तर भरायचाच होता. दूरदूरच्या गुड्यांतून पहाटे पायी निघालेल्या लोकांपैकी कोण सभेला येत होता आणि कोण मीठमिरची घ्यायला येत होता, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाने कसे ओळखावे? पोलिसांनी लोकांना अडवले, झटापट झाली, आणि गोळीबार झाला. सरकारने मृतांचा आकडा १३ सांगितला. नागरी हक्कांच्या संघटनांनी तो ६० च्या घरात असल्याचे म्हटले. आणि शंभराहून अधिक माणसे गेली, असे सांगणारेही पुष्कळ आहेत.

त्या दिवशी हिंसेला प्रारंभ कोणी केला, याविषयी दोन हकिकती आहेत. सरकारी हकिकत अशी की, जमाव पोलिसांवर चालून गेला, त्यात एक शिपाई प्राणास मुकला, आणि मग गोळीबारावाचून गत्यंतर राहिले नाही. दुसरी हकिकत अशी की, लोकांना आधी मारझोड झाली, स्त्रियांशी गैरवर्तन झाले, आणि त्यातून प्रतिकार उद्भवला. चाळीसहून अधिक वर्षे लोटली, तरी या दोन हकिकती एकमेकींसमोर तशाच उभ्या आहेत.

'बेकायदा' म्हणजे 'हिंसक' नव्हे

या वादात एक मोठा घोटाळा आहे, तो आधी दूर केला पाहिजे. भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही तेथेच आहे. १९८१ साली असा निर्बंध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाने घातला जाई. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे १६३ वे कलम त्याच्या जागी आले आहे. असा हुकूम निघाला की, एरवी निर्दोष असलेली सभाही बेकायदा ठरते. काल जी माणसे नागरिक होती, ती आज एका कागदाने गुन्हेगार होतात. परंतु लक्षात घ्यावे, ती बेकायदा झाली; हिंसक झाली नाहीत. हुकूम मोडणे हा अपराध असेल, पण हुकूम मोडून शांतपणे उभा राहिलेला मनुष्य कोणाला इजा करीत नाही. मिठाचा कायदा मोडणारे दांडीचे यात्रेकरू बेकायदा वागले होते. त्यांना हिंसक कोण म्हणेल?

सरकारी निवेदनांत हे दोन शब्द सहजपणे एकमेकांच्या जागी येतात. 'बंदी असताना जमाव जमला' या वाक्याने प्रारंभ होतो आणि 'हिंसक जमाव' या शब्दांनी शेवट होतो. मध्ये काय घडले, हे वाचकाने गृहीत धरावे अशी अपेक्षा असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केले की, जमावबंदीचे कलम लोकांचा न्याय्य मतप्रकाश दडपण्यासाठी वापरता येणार नाही.

'विनाशस्त्र' या शब्दाचेही असेच आहे. डोंगरातून येणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात काठी असते, खांद्यावर कुऱ्हाड असते. ती त्याची रोजची सोबत आहे. शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला तेच शस्त्र दिसते. दोघांचे डोळे खोटे नाहीत. परंतु ज्याच्या हाती बंदूक आहे, त्याने दुसऱ्याच्या कुऱ्हाडीचा अर्थ लावताना अधिक सबुरी राखली पाहिजे. जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलवावे लागले, तरीसुद्धा शक्य तितके कमी बळ वापरावे व शक्य तितकी कमी इजा करावी, असा दंडक कायद्यातच घातलेला आहे.

सरकारची बाजू

एवढे सांगून थांबलो, तर आपण एकाच बाजूचे वकील ठरू. रयतू कुली संघाच्या पाठीशी पीपल्स वॉर हा १९८० साली स्थापन झालेला गट होता, आणि त्या गटाने शस्त्रांचा त्याग केलेला नव्हता. त्याच्या हातून पुढील वर्षांत अनेकांचे रक्त सांडले. त्यांत गरीब घरांतील पोलीस शिपाईही होते. अशा गटाच्या प्रेरणेने भरणाऱ्या सभेची सरकारला धास्ती वाटली, यात अस्वाभाविक काही नाही. मृत शिपायालाही घर होते, आणि त्याच्या मरणाचा उल्लेख टाळून इंद्रवेल्लीची गोष्ट सांगणे हे अर्धसत्य होय.

परंतु सभा बोलावणाऱ्याचे मत आणि सभेला आलेल्याचे कृत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या शेताचा कागद मिळावा म्हणून आलेल्या गोंड शेतकऱ्याने कोणाची पुस्तके वाचली होती? पुढाऱ्याच्या विचारांचा दंड त्याला देणे हा न्याय नव्हे.

मुंबईने पाहिलेले तेच चित्र

मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि १५ माणसे मरण पावली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा शहर पेटले व पुन्हा गोळीबार झाला. मोरारजी देसाई यांच्या सरकारच्या लेखी ती दंगल होती. चळवळीच्या लेखी ते हौतात्म्य होते. खरे पाहता त्या दिवसांत निःशस्त्र सत्याग्रहीही होते आणि दगडफेक, जाळपोळ व लूटमार करणारेही होते. गुजराती दुकानदारांना त्याची झळ पोहोचली, हे मराठी माणसाने प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्याच वेळी गोळीला बळी पडलेल्यांत केवळ रस्त्यावर सापडलेले लोकही होते, हेही तितकेच खरे.

त्या गदारोळात केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांची भूमिका स्मरणात ठेवण्याजोगी आहे. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. आणि १९५६ साली मंत्रिपद सोडताना त्यांनी हेही एक कारण म्हणून मांडले. जमाव निर्दोष होता, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. काय घडले ते निःपक्षपातीपणे तपासा, अशी त्यांची मागणी होती. आज फ्लोरा फाउंटनच्या त्या चौकाला हुतात्मा चौक म्हणतात. चौकाचे नाव बदलले, ही गौरवाची गोष्ट खरी. तथापि, सत्तेचे वारे फिरल्याने 'दंगलखोर' हा शब्द जाऊन 'हुतात्मा' हा शब्द यावा, यापेक्षा चौकशीने सत्य बाहेर यावे, हे अधिक मोलाचे होते.

आपल्या बाजूचा दोष

मग आंदोलन करणाऱ्याने काय करावे? फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि बावीस पोलीस त्यात मेले. पोलिसांनी आधी गोळीबार केला होता व त्यात माणसे मेली होती, ही सबब गांधीजींना सहज पुढे करता आली असती. त्यांनी ती केली नाही. बार्डोलीची तयारी पूर्ण होत आली असताना त्यांनी सत्याग्रह थांबवला आणि पाच दिवस उपोषण केले. सहकाऱ्यांपैकी पुष्कळजण रुष्ट झाले. त्या निर्णयाचा राजकीय लाभ-तोटा काहीही असो; आपल्या बाजूच्या हिंसेला हिंसा म्हणण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते, आणि म्हणूनच त्यांच्या 'शांततेचा' या शब्दाला पुढे वजन राहिले.

आकडा आणि चित्र

हल्ली या वादात आकड्यांचीही भर पडली आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय मनुष्य पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला, आणि देशभर निदर्शने झाली. अशा घटनांची नोंद ठेवणाऱ्या ॲक्लेड या संस्थेने त्या उन्हाळ्यातील ७,७५० हून अधिक निदर्शने तपासली. सुमारे ९३ टक्के ठिकाणी हिंसा किंवा नासधूस झाली नाही, असे तिला आढळले. तरीही पुष्कळ अमेरिकन लोकांच्या मनात जळत्या दुकानांचेच चित्र ठसले, कारण शांतपणे चालणाऱ्या माणसांचे चित्र कोणी वारंवार दाखवत नाही. उलटपक्षी, ज्याचे दुकान जळाले त्याला ९३ टक्क्यांचा आधार देऊन काय उपयोग? आकडा खरा आहे आणि राखही खरी आहे. एकाने दुसऱ्याला खोटे पाडू नये.

विचारावयाचे प्रश्न

तेव्हा पुढील वेळी मोर्चाची बातमी येईल, तेव्हा निकाल देण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. नेमके कोणी, काय केले? 'जमावाने' हा कर्ता पुरेसा नाही. आधी काय घडले आणि नंतर काय? किती जणांनी केले, आणि किती जण नुसते उभे होते? कोणाच्या हातात काय होते, आणि ते त्याच्या हातात एरवीही असते का? उत्तरादाखल वापरलेले बळ त्या कृत्याच्या मानाने किती होते? आणि शेवटचा प्रश्न: हेच माझ्या पक्षाच्या, माझ्या जातीच्या किंवा माझ्या भाषेच्या लोकांनी केले असते, तर मी कोणता शब्द वापरला असता? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली आहे. न पाहिलेल्या मोर्चाविषयी छातीठोकपणे बोलणे हे त्या साक्षीच्या फार जवळ जाते.

परंतु या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरी एक प्रश्न उरतोच, आणि तोही आपल्याच जिल्ह्याने शिकवला आहे. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम व त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भीमांचा लढा निःशस्त्र नव्हता. त्यांनी तो तसा असल्याचा दावाही केला नाही. तरीदेखील निजाम सरकारने एवढे केले की, गोंडांवर ही पाळी का आली हे पाहण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. त्यातून पुढे गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले व मारलवाई येथे शिक्षणाचे केंद्र उभे राहिले. हत्यार उचलणे चूक की बरोबर, याचा निवाडा एकीकडे. आणि गाऱ्हाणे खरे की खोटे, याचा निवाडा दुसरीकडे. आंदोलन हिंसक होते असे सिद्ध झाले, म्हणून जमीन लुबाडली गेली नव्हती असे सिद्ध होत नाही. आणि गाऱ्हाणे खरे होते म्हणून रक्तपात पवित्र होत नाही.

इंद्रवेल्लीत मृतांच्या स्मरणार्थ स्तूप उभारला गेला. तो उद्ध्वस्त करण्यात आला, आणि पुन्हा बांधला गेला. कित्येक वर्षे दर २० एप्रिलला तेथे जमावबंदी लागू होत असे, म्हणजे मेलेल्यांसाठी रडायलाही परवानगी लागे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी तेथे श्रद्धांजली वाहिली व स्मृतिवनाची पायाभरणी केली. ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र झाडे लावून आणि पुष्पचक्र वाहून १३ आणि ६० यांतील अंतर भरून निघत नाही. त्या अंतरात प्रत्येकी एक नाव, एक घर आणि कदाचित एक न मिळालेला पट्टा आहे. मृतांची नावे कोणती आणि ते कसे मेले, हे उमटेल तितक्या प्रामाणिकपणे कागदावर उतरणे, हे सरकारचे व आपल्या सर्वांचे देणे आहे. आणि त्यांनी मागितलेल्या जमिनीचे पुढे काय झाले, हे विचारणे तर पैनगंगेच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांचे अधिकच.