व्यावसायिक जागेचा भाडेकरार व वकिलाचा सल्ला : बिलोलीतील लहान व्यापाऱ्यांच्या संदर्भात

बिलोली हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. येथे दुकानासाठी जागा भाड्याने घेणाऱ्या लहान व्यापाऱ्याने करारावर सही करण्यापूर्वी तो वकिलाकडून तपासून घेणे अगत्याचे ठरते.

त्या जागेस कोणता कायदा लागू होतो, हा पहिला प्रश्न होय. मराठवाड्यातील १९५४ च्या हैदराबाद भाडे नियंत्रण कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. मात्र हा अधिनियम अनुसूचीतील क्षेत्रांपुरताच लागू आहे. तेथे कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. अन्यत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. करारात वेगळी तरतूद नसल्यास त्याच्या कलम १०६ नुसार दुकानाचा मासिक भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपुष्टात आणता येतो. फर्निचर व मालात गुंतविलेले भांडवल तेव्हा अडचणीत येते.

यास्तव मुदत, नोटीस, भाडेवाढ, अनामत रकमेचा परतावा व दुरुस्तीचा खर्च या अटी वकिलाकडून समजून घ्याव्यात. सहीनंतर त्या बदलण्यास मालकाची संमती लागते. म्हणून सल्ल्याची योग्य वेळ सहीपूर्वीचीच होय.