मैफल आणि तबकडी : किंग सनी अडे यांचे जुजू संगीत

एखाद्या गायकाचे चाहते एकत्र आले, की बोलणे लवकरच एका वादावर येऊन ठेपते. खरे गाणे कोणते? प्रत्यक्ष बैठकीत ऐकलेले, की ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेले? आपल्याकडे शास्त्रीय संगीताचे जुने श्रोते हा वाद हिरिरीने घालतात. नायजेरियातील जुजू गायक किंग सनी अडे यांच्या चाहत्यांमध्ये तर तो चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मात्र हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गाणे कोणासाठी गायचे, त्याचा मोबदला कोणी द्यायचा आणि त्यातील शब्द कोणाला कळायचे, हे तिन्ही प्रश्न या वादात गुंतलेले आहेत. म्हणून आधी जुजू संगीत म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

नायजेरिया हा पश्चिम आफ्रिकेतील देश. त्याच्या नैर्ऋत्य भागात योरुबा भाषा बोलणारे लोक राहतात. लागोस हे याच भागातील मोठे बंदर. इंग्रजी पुस्तकांत ‘जुजू’ हा शब्द जादूटोण्याच्या अर्थानेही आढळतो. या संगीताचा मात्र जादूटोण्याशी संबंध नाही. लागोसमधील ताडी पिण्याच्या बैठकींत गिटारच्या साथीने गाणी म्हटली जात. त्यांतूनच १९३० च्या सुमारास हा प्रकार आकाराला आला. टुंडे किंग हे त्याचे एक आद्य गायक मानले जातात. तीनचार माणसे, एक तंतुवाद्य, एक लहान डफ आणि मण्यांची जाळी विणलेला शेकेरे नावाचा भोपळा, एवढाच तेव्हाचा संच असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिवर्धक आला आणि या संगीताचे रूप पालटले. हे कारण सहज लक्षात येण्याजोगे नाही. योरुबांचा मोठा ढोल पूर्वी या मेळ्यात घेता येत नव्हता, कारण त्याच्या आवाजात गळा आणि गिटार दोन्ही बुडून गेले असते. विजेच्या साहाय्याने गळा आणि गिटार यांचा आवाज वाढवता येऊ लागला, तेव्हाच ढोलाला या संगीतात जागा मिळाली. म्हणजे नवे यंत्र आले आणि संगीत परंपरेपासून दूर न जाता उलट तिच्या अधिक जवळ गेले. पुढे आय. के. डायरो यांनी त्यात अकॉर्डियनची भर घातली. १९६३ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा एम. बी. ई. हा किताब मिळाला.

हा ढोल बोलतो, असे म्हणतात, आणि ती अतिशयोक्ती नव्हे. त्याचा आकार डमरूसारखा, पण पुष्कळ मोठा असतो. दोन्ही तोंडांवर चामडे असते आणि ती दोन्ही चामडी लांब वाद्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. वादक ढोल काखेत धरून बाकदार काठीने वाजवतो. हाताने वाद्या दाबल्या की चामडे ताणले जाते आणि स्वर चढतो. दाब सैल केला की स्वर उतरतो. केरळच्या मंदिरांत वाजणाऱ्या इडक्का या वाद्याचे तत्त्व जवळजवळ हेच आहे. आता योरुबा भाषेकडे पाहा. तिच्यात प्रत्येक अक्षर उच्च, मध्य किंवा नीच अशा तीन पट्ट्यांपैकी एकीत उच्चारले जाते आणि पट्टी बदलली की अर्थ बदलतो. ‘ऑकॉ’ हा शब्द दोन्ही अक्षरे मध्य पट्टीत ठेवून म्हटला तर नवरा, दुसरे अक्षर चढवले तर कुदळ आणि उतरवले तर वाहन! भाषेतील हे चढउतार ढोलावर जसेच्या तसे काढता येतात. अर्थात एकाच चालीचे अनेक शब्द असल्याने ढोलवादक सुटे शब्द वाजवत नाही. तो म्हणी वाजवतो, ठरीव वाक्ये वाजवतो आणि मुख्य म्हणजे ‘ओरिकी’ वाजवतो. ओरिकी म्हणजे एखाद्या व्यक्तीची किंवा घराण्याची बिरुदावली. ज्याची ती असते, त्याला ढोलाच्या पहिल्या काही ठोक्यांतच आपली हाक ऐकू येते.

हे ध्यानात घेतले की जुजूची मैफल कशी चालते, ते उमगते. ती मुळात तिकीट काढून ऐकण्याची मैफल नव्हेच. विवाह, बारसे, घरबांधणी, वृद्ध माणसाचे उत्तरकार्य अशा प्रसंगी यजमान गायकाला बोलावतो. आप्तेष्ट एकाच कापडाचे पोशाख करून येतात. गाणे रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. गायक यजमानाचे नाव घेतो, त्याच्या वाडवडिलांची नावे घेतो आणि ढोल ती पुन्हा उच्चारतो. ज्याचे नाव आले तो नाचत पुढे येतो आणि नव्या कोऱ्या नोटा एकेक करून गायकाच्या घामेजलेल्या कपाळावर चिकटवतो. खाली पडलेल्या नोटा गोळा करायला एक माणूस नेमलेला असतो. आपल्या तमाशातील दौलतजादा येथे कोणालाही आठवेल. फरक असा, की येथे देणाऱ्याचा मान केवळ त्याच्या नावापुरता राहत नाही, तो त्याच्या घराण्यापर्यंत पोहोचतो. जोपर्यंत लोक पुढे येत आहेत, तोपर्यंत गाणे संपत नाही. गाण्याची लांबी गायक ठरवत नाही. ती समोरचा समुदाय ठरवतो.

या परंपरेत सनी अडे वाढले. त्यांचा जन्म १९४६ साली ओशोग्बो येथे झाला. घराणे ओंडो येथील राजवंशाशी संबंधित होते आणि वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. राजवंशातील मुलाने गाणेबजावणे करावे, हे घरच्यांना रुचणारे नव्हते. विद्यापीठात शिकायला जातो असे सांगून हा मुलगा लागोसला आला आणि मोझेस ओलाइया यांच्या वाद्यवृंदात सामील झाला. (हेच ओलाइया पुढे विनोदी नट म्हणून देशभर गाजले.) १९६७ मध्ये अडे यांनी ‘ग्रीन स्पॉट्स’ हा स्वतःचा वृंद काढला. डायरो यांच्या वृंदाचे नाव ‘ब्लू स्पॉट्स’ होते, तेव्हा नव्या नावात आदर होता आणि थोडी स्पर्धाही होती. पुढे या वृंदाचे नाव ‘आफ्रिकन बीट्स’ झाले.

काळही अनुकूल ठरला. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियात यादवी युद्ध झाले. तोवर लागोसमध्ये ‘हायलाइफ’ या संगीतप्रकाराची चलती होती. त्यातील अनेक वादक पूर्वेकडील इग्बो समाजाचे होते. ते शहर सोडून गेले आणि ती जागा जुजूने घेतली. युद्धानंतर खनिज तेलाचा पैसा आला, समारंभ वाढले आणि त्यांचा थाटही वाढला. तीनचार माणसांच्या मेळ्याचे वीसपंचवीस जणांचे वृंद झाले. एकात एक गुंफलेल्या चारपाच गिटारी, ढोलांचा ताफा आणि मागे झील धरणारे गायक! अडे यांनी त्यात पेडल स्टील गिटार आणली. हे वाद्य अमेरिकेतील ग्रामीण संगीताचे आणि हवाईयन गिटारच्या कुळातले. हवाईयन गिटारवर हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ऐकलेल्या आपल्याकडील श्रोत्यांना तिचा तो घसरत जाणारा, लांबणारा स्वर चटकन ओळखू येईल. योरुबा ढोलाच्या चढउताराशी तो इतका जुळून येतो, की हे वाद्य परके आहे हे विसरायला होते.

याच सुमारास चाहत्यांचे दोन तट पडले. एबेनेझर ओबे हे अडे यांचे समकालीन आणि प्रतिस्पर्धी. ओबे यांच्या गाण्यात म्हणी, उपदेश आणि ख्रिस्ती भक्तीचा सूर असे. अडे यांच्याकडे नाच आणि गिटारची करामत. थोरांनी ओबे ऐकावेत आणि तरुणांनी अडे, अशी ढोबळ वाटणी होती.

आता तबकडीकडे वळू. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीनएक मिनिटेच मावत. आपल्याकडच्या गायकांना तेवढ्यात राग बसवावा लागला, तसेच लागोसच्या गायकांना रात्रभराचे गाणे तेवढ्यात आवरावे लागले. दीर्घकाळ चालणारी एल. पी. तबकडी आल्यावर एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली आणि १९७० च्या दशकात जुजू गायकांनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. एका बाजूवर एकच सलग गाणे, किंवा खरे तर चारपाच गाण्यांची न तुटणारी माळ. सुरुवात संथ, मग गायक आणि साथीदार यांची सवालजवाबासारखी देवघेव आणि मग ढोलांचा लांबलचक पल्ला. यजमानांची आणि धनिकांची नावे तबकडीतही येत. ती विकत घेणारा माणूस दुसऱ्या गावात, दुसऱ्याच कोणाच्या बिरुदावलीवर नाचत असे आणि यात कोणाला काही वावगे वाटत नसे! मिळकतीचा प्रश्न मात्र होताच. मोबदल्यावरून अडे यांचा आपल्या ध्वनिमुद्रण कंपनीशी तंटा झाला, तो न्यायालयात गेला आणि त्यानंतर त्यांनी स्वतःच्या नावाने तबकड्या काढायला सुरुवात केली.

१९८१ मध्ये जमैकाचे गायक बॉब मार्ली यांचे निधन झाले. त्यांच्या तबकड्या काढणाऱ्या आयलंड या कंपनीने १९८२ मध्ये अडे यांची ‘जुजू म्युझिक’ ही तबकडी जगभर वितरित केली. फ्रेंच निर्माते मार्टिन मेसोनिए यांनी ती घडवली होती. तिच्यावर वीस मिनिटांची माळ नाही. सात वेगळी गाणी आहेत. बिरुदे कमी झाली, सिंथेसायझर आले, काही ठिकाणी आवाजाला प्रतिध्वनीची जोड दिली गेली आणि पेडल स्टील गिटार पुढे आणली गेली. १९८३ मध्ये ‘सिंक्रो सिस्टम’ आली आणि तिला अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९८४ च्या ‘ऑरा’मध्ये तर स्टीव्ही वंडर यांनी माउथऑर्गन वाजवला. तरीही कंपनीच्या अपेक्षेइतकी विक्री झाली नाही आणि करार संपला. परदेशात अनेकांना वाटले, की अडे यांची कारकीर्दच संपली. प्रत्यक्षात या सर्व काळात लागोसमध्ये त्यांच्या वेगळ्या, लांब गाण्यांच्या तबकड्या निघतच होत्या. १९९८ मधील ‘ओडू’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांना ग्रॅमीचे दुसरे नामांकन मिळवून दिले.

चाहत्यांचा वाद पेटतो तो येथे. एक पक्ष म्हणतो, ‘जुजू म्युझिक’ म्हणजे कापून, धुऊन, परदेशी ताटात वाढलेले गाणे. खरे अडे १९७० च्या दशकातील लागोसच्या तबकड्यांत आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, ती तबकडी नसती तर योरुबांच्या बाहेर हे संगीत कोणी ऐकलेच नसते. शिवाय तिच्यात एकेक गिटार जितकी स्वच्छ ऐकू येते तितकी जुन्या तबकड्यांत येत नाही. तिसऱ्या पक्षाला दोन्ही तबकड्या अपुऱ्या वाटतात. त्याच्या मते मैफलीवाचून जुजू नाहीच. या तिघांत पहिल्या पक्षाची बाजू थोडी अन्यायाची आहे, असे म्हणावे लागते. लागोसची वीस मिनिटांची तबकडी हीसुद्धा रात्रभराच्या गाण्याची काटछाटच होती. ती घरच्या माणसांनी केली, एवढेच. पण या पक्षाचा एक मुद्दा खोडता येत नाही. गाणे आखूड झाले यापेक्षा त्यातून माणसे वगळली गेली, हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘जुजू म्युझिक’मधील पहिल्याच गाण्याचे उदाहरण घ्या. ‘जा फुन मी’ म्हणजे ‘माझ्यासाठी लढ’. ही विनवणी आहे स्वतःच्या मस्तकाला. योरुबा समजुतीनुसार ‘ओरी’, म्हणजे मस्तक, हे प्रत्येकाच्या दैवाचे स्थान होय. नोट कपाळावर चिकटवण्याच्या प्रथेकडे हे जाणून पाहिले, तर ती निव्वळ श्रीमंतीची मिरवणूक वाटत नाही. परदेशी श्रोत्याला या गाण्यात एक मधुर, डुलणारी चाल ऐकू येते. तेही खोटे नाही. फक्त पुष्कळ कमी आहे.

मैफलीचे स्वरूपही पुढे बदलले. १९८० च्या दशकात तेलाचा पैसा आटला, नायराचे मूल्य घसरले, नकली कॅसेटींनी तबकड्यांचा धंदा बुडवला आणि मुस्लिम योरुबांच्या रमझानमधील गाण्यांतून उगवलेल्या ‘फुजी’ संगीताने तरुण श्रोते ओढून घेतले. नोटा चिकटवणे तर २००७ च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्याने गुन्हा ठरले. त्याला किमान सहा महिने कैद किंवा पन्नास हजार नायरा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा बरीच वर्षे कागदावरच राहिला. २०२४ मध्ये मात्र त्याखाली एका प्रसिद्ध व्यक्तीला कैद झाली.

युरोपअमेरिकेतील सभागृहांत अडे यांनी अनेक दौरे केले. तेथे तिकीट असते, ठरलेली वेळ असते आणि बहुतेक श्रोत्यांना ढोल काय बोलतो ते कळत नाही. ते नाचतात, टाळ्या वाजवतात आणि गाणे कधी संपेल याचा अंदाज घेत राहतात. त्यांच्यातच तेथे स्थायिक झालेली काही योरुबा कुटुंबे असतात. मध्येच ढोल एक वळण घेतो, त्यांच्यापैकी कोणीतरी हसून मान वर करतो आणि गर्दीतून वाट काढत रंगमंचाकडे जातो. त्याच्या हातात डॉलरच्या नोटा असतात. गायक त्याच्यासमोर वाकतो, वृंद तेच आवर्तन पुन्हा घेतो आणि गाणे, कार्यक्रमपत्रिकेत त्याला कितीही मिनिटे दिलेली असोत, लांबत जाते.