लिनक्स बसलं, पण वाय-फाय कुठे गेलं?

जुन्या लॅपटॉपवर हौसेने लिनक्स टाकलं, डेस्कटॉप झळकला, आणि वाय-फायच्या यादीत एकही नाव दिसेना. अनेक नवख्यांचा उत्साह इथेच मावळतो. लॅपटॉप मात्र बिघडलेला नसतो.

वाय-फायची चिप चालायला दोन गोष्टी लागतात. पहिली ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला चिपशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम. तो बहुधा लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो. दुसरी फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू होताना चिपमध्ये भरला जाणारा छोटा प्रोग्रॅम. त्याची मालकी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असते आणि सोर्स कोड सहसा खुला नसतो. मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्व जपणाऱ्या डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीने म्हणूनच असं फर्मवेअर अनेक वर्षं अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं. २०२२मध्ये डेव्हलपरांनी मतदानाने धोरण बदललं आणि २०२३च्या डेबियन १२पासून ते सोबत मिळू लागलं.

तरीही अडलंच, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा लगेच इंटरनेट मिळतं. मग टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड द्या. इंग्रजी अक्षरं सगळी लहान (lspci), मध्ये जागा नाही. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत सहसा चिपचं नाव सापडतं. तिच्यासाठीचं फर्मवेअर पॅकेज बसवा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

त्याहून उत्तम म्हणजे आधीच पारखून घेणं. उबुंटू किंवा मिंट यांसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवता येतं. हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, टचपॅड तपासा. सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी फोटो-कागदपत्रांचा बॅकअप घ्याच.