छोट्या मिगवरचे पट्टे

नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेलं मिग-२१ विमान १:७२ प्रमाणातल्या मॉडेलमध्ये साधारण २० सेंटिमीटर लांब होतं. त्यावरचे हिरवे-करडे पट्टे रंगवताना खरा प्रश्न असतो कडांचा. विमानावर फवाऱ्याने आलेली ५ सेंटिमीटरची धूसर कड मॉडेलवर जेमतेम ०.७ मिलिमीटर उरते. हाताने कुंचला फिरवून ती साधत नाही; म्हणून एअरब्रश.

आधी फिकट रंग द्यावा. तो पूर्ण वाळला की जिथे तो राखायचा तिथे मास्किंग टेप चिकटवावी आणि वर गडद रंग फवारावा. टेप सपाट बसली तर कड धारदार येते. धूसर कड हवी असेल तर चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करून लावाव्यात, किंवा कागदाचा साचा पृष्ठभागापासून एक-दोन मिलिमीटर उचलून धरावा. फवारा मात्र सरळ, काटकोनात. तिरका धरला तर रंग साच्याखाली शिरतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या केमसारख्या गावच्या कोरड्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच सुकतो. अशा वेळी रंगात तो सावकाश सुकवणाऱ्या रिटार्डरचे थेंब घालावेत आणि शक्यतो भल्या सकाळी काम उरकावं.

आणि सगळ्यात आधी छायाचित्रं पाहावीत. १९७१च्या युद्धाच्या वेळी आपल्या अनेक चंदेरी मिग-२१ विमानांवर घाईने हिरवे पट्टे चढवले गेले. एकाचे पट्टे दुसऱ्यासारखे नव्हते. अशा विमानावर गुळगुळीत, नेटकी नक्षी काढणं मला चुकीचंच वाटतं.