उत्तर चुकलं तर निस्तरणार कोण?

आमची पुण्यातली कंपनी मोठ्या उद्योगांसाठी जनरेटिव्ह एआयची सॉफ्टवेअरं बनवते आणि तिथे सीनिअर प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखती मी घेते. अर्ज ढिगानं येतात. बहुतेकांच्या बायोडेटात मॉडेलांची नावं ओळीनं मांडलेली असतात. त्यावरून मला माणूस कळत नाही.

प्रॉडक्ट मॅनेजर सहसा कोड लिहीत नाही, माल विकायलाही जात नाही. काय बनवायचं, कुणासाठी, आणि काय अजिबात बनवायचं नाही, हे तो ठरवतो. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये साबणाच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी टिपण लिहून प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र जबाबदार माणसं मागितली. या पदाचं मूळ तिथलं मानतात. पण साबणाची वडी रोज सारखीच निघते. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द कोणता असू शकेल याचा अंदाज बांधत वाक्य रचतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर बदलू शकतं, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे येतं.

म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रसंग देते. आरोग्यविमा घेऊन वर्ष झालेला ग्राहक विचारतो, ‘मोतीबिंदूचा खर्च मिळेल का?’ अनेक पॉलिसींत त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं, आणि ती अट आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. यंत्र ‘मिळेल’ म्हणालं, तर?

बरेच जण लगेच फळ्यावर आकृती काढतात: आधी कंपनीच्या कागदपत्रांत नेमका उतारा शोधायचा, तो मॉडेलपुढे ठेवायचा, त्यातूनच उत्तर घ्यायचं. रीत बरोबर आहे. पण उतारा रद्द झालेल्या जुन्या पॉलिसीतला निघाला, तर? मला हवा असलेला उमेदवार उलट मलाच प्रश्न करतो. हे उत्तर ग्राहक वाचणार की क्लेम खात्यातला माणूस? चूक कोण पकडणार? पूर्वी बँकेच्या शाखेत काम केलेल्या एक बाई म्हणाल्या, “क्लेम खात्यातल्या जुन्या लोकांबरोबर बसून मी आधी खरे प्रश्न आणि तपासलेली उत्तरं गोळा करीन. मॉडेल बदललं की दर वेळी त्यावर परीक्षा. अट सापडली नाही, तर यंत्रानं अंदाज करायचा नाही, प्रश्न माणसाकडे पाठवायचा.” माझ्या मते या पदाचं निम्मं काम त्यांनी तिथेच सांगितलं.

हा नुसता बाऊ नाही. घरातलं माणूस गेलेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच त्याला जबाबदार, अशा अर्थाचा बचाव कंपनीनं केला. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळून भरपाई द्यायला लावली.

विम्याचे क्लेम, बँकेचं काउंटर, रुग्णालयाचं बिलिंग यांत वर्षं काढून पुढे सॉफ्टवेअरकडे वळलेली माणसं अशा पदाची जाहिरात पाहून ‘हे आपलं नव्हे’ म्हणत पान उलटतात. तुम्ही त्यांतले असाल, तर थांबा. मॉडेल कसं चालतं ते शिकता येतं. चुकीच्या ‘हो’मुळे ग्राहकावर काय वेळ येते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अर्ज जरूर करा.