खेकडे, फ्लोराइड आणि मणका

हैदराबादेत तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1958 साली ती कुन्नूरहून इथं आली. काम अन्नाचं, पण सत्तरच्या दशकात तिच्या दारात वाकडी हाडं येऊन पडली. नलगोंड्यातल्या पोरांचे गुडघे एकमेकांना घासत होते. कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी 1973 मध्ये त्याचं मूळ फ्लोराइडच्या पाण्यापाशी नेलं.

मग शिमोग्याकडच्या हंदिगोडूची खबर आली. दलित शेतमजुरांची घरं. कंबर आणि खुबे धरलेले, काहींची उंचीही खुंटलेली. संशय भातखाचरातल्या खेकड्यांवर गेला. कीटकनाशक मारलेल्या शेतातले खेकडे गरिबाच्याच ताटात जातात, तेव्हा संशय वेडगळ म्हणता येणार नाही. पण भट आणि कृष्णमाचारी यांनी 1977 मध्ये छापलेल्या पाहणीच्या नावातच ‘कौटुंबिक’ हा शब्द होता. पुढे एक्स-रे अभ्यासणाऱ्यांनी तो कण्याचा आणि हाडांच्या टोकांचा आनुवंशिक दोष ठरवला.

मणक्याच्या वर-खाली कूर्चेची चकती असते. तिथल्या पेशी उतरंडीसारख्या रचल्या जातात, फुगतात आणि मागून हाड भरत येतं. कण्याच्या अशा दोषात ही उतरंड ढासळते आणि मणका चपटा राहतो. अकॉन्ड्रोप्लेझिया या खुजेपणाच्या आजाराची तऱ्हा वेगळी. तिथं एफजीएफआर-3 जनुकाचा ब्रेक दाबलेलाच राहतो, मणक्याच्या मागच्या कमानीचे खांब आखूड पडतात आणि मज्जारज्जूची वाट अरुंद होते.

हैदराबादेतच उप्पलला असलेल्या डीएनए फिंगरप्रिंटिंग केंद्राचं नाव घेतलं की लोकांना खून आणि पितृत्वाचे खटले आठवतात. तिथला निदान विभाग कुणाच्या फारसा गावीही नसतो. तिथल्या अश्विन दलाल यांनी सहकाऱ्यांसह 2012 मध्ये भारतीय कुटुंबांतल्या विस्प-3 जनुकाची छाननी प्रसिद्ध केली. हे जनुक बिघडून जो हाडांचा आजार होतो, त्यात मूल जन्मतः अगदी चांगलं असतं. तिसऱ्या-सहाव्या वर्षाच्या दरम्यान बोटांची पेरं जाड होऊ लागतात. घरचे म्हणतात संधिवात, पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात आणि स्टिरॉइड सुरू होतं. रक्तात सुजेची खूण मात्र सापडत नाही. पाठीचा एक्स-रे बाजूने काढावा, तर चपटे मणके दिसतात, पुढच्या कडेला चोच फुटल्यासारखे. एवढी एक फिल्म आधी काढली तर किती औषधं वाचतील!

आई-बाप दोघंही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून ठणठणीत असतात. मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडेही आहे. तिथं अशा दोन प्रती एकत्र येणं सोपं.

निदान झालं म्हणून उंची वाढत नाही. स्टिरॉइड बंद होतं, आणि पुढच्या खेपेला पोटातल्या बाळाची तपासणी करता येते.